न झालेल्या नासाडीची चौकशी पुन्हा सुरू करण्याबाबत

प्रति,
मा. दक्षता अधिकारी,
विमान खानपान नियंत्रण कार्यालय,
विमानतळ आवार, जुनी इमारत, दुसरा मजला.

विषय : अर्जदाराविरुद्धची बंद केलेली चौकशी कृपया पुन्हा सुरू करणेबाबत.

संदर्भ : १) विमानातील अन्नाची नासाडी कमी करण्याविषयी आपल्या कार्यालयाचे परिपत्रक.
२) नासाडी कमी झाल्याविषयी आपल्या कार्यालयाची नोटीस.
३) चौकशी बंद केल्याविषयी आपल्या कार्यालयाचे पत्र.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्जदार सविनय निवेदन करते की :

१. अर्जदार ही विमानतळावरील खानपान केंद्रात परतावा विभागाची पर्यवेक्षिका आहे. विमान उतरले की जेवणाच्या ट्रॉल्या ज्या दाराने आत येतात, त्या दाराशी अर्जदाराची खुर्ची असते. ट्रॉल्या रिकाम्या करणे, ताटे धुण्यास पाठवणे आणि उरलेले अन्न पातळ पत्र्याच्या डब्यासकट चुराडा यंत्रात घालून त्याचा लगदा गाडीने कचरा डेपोवर रवाना करणे, हे या विभागाचे काम. एकदा विमानात चढलेले अन्न, झाकणसुद्धा उघडलेले नसले तरी, पुन्हा कोणाच्या तोंडी जाऊ द्यायचे नाही असा नियम आहे. त्या नियमाविरुद्ध अर्जदाराची तक्रार नाही. परक्याच्या पोटाशी खेळ नको, हे अर्जदारास मान्य आहे. याच नियमामुळे स्वयंपाकघर आणि परतावा विभाग यांच्यामध्ये एक भिंत असून त्यातील दार कायम बंद असते. शिजवणाऱ्यांनी परत आलेले पाहू नये आणि आम्ही शिजताना पाहू नये, अशी ही व्यवस्था. शेजारी शेजारी राहून एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या दोन जावांसारखे हे दोन विभाग वर्षानुवर्षे नांदत होते.

२. संदर्भ १ चे परिपत्रक आल्यावर व्यवस्थापक साहेबांनी सर्वांची सभा बोलावली. परिपत्रक वाचून होताच प्रत्येकाच्या मनात शंका आली की हे आपल्यावरच काहीतरी शेकणार. मुख्य आचारी, ज्यांना केंद्रात सगळे मास्तर म्हणतात, ते उभे राहिले आणि म्हणाले, "माझं अन्न परत येतं, हे सांगितलं कुणी?" अर्जदाराने, विचारले म्हणून, सांगितले की अन्न परत येते, आणि बरेचसे झाकणही न उचललेले येते. मास्तर म्हणाले, "खरकटं सगळीकडेच निघतं, बाई. न उघडलेलं परत येतं, ही तुमची पदरची भर." त्यांचा असा समज झाला की अर्जदाराच्या मनात त्यांच्याविषयी आकस आहे. त्याचे कारण असे की त्यापूर्वी उपाहारगृहात अर्जदाराने त्यांच्या सूपला गरम पाणी म्हटले होते. तसे म्हटल्याचे अर्जदार नाकारत नाही. ते गरम पाणीच होते.

३. शेवटी व्यवस्थापकांच्या परवानगीने, डोक्याला टोपी, पायांना पिशव्या आणि अंगावर झगा चढवून मास्तर आमच्या बाजूला आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सकाळच्या पहिल्या विमानाची ट्रॉली नुकतीच आली होती. त्यांनी तिचे दार उघडले. आत मटार घातलेल्या भाताचे डबे जसेच्या तसे ओळीने बसलेले होते. प्रत्येक झाकणाचा एक कोपरा वर दुमडलेला होता. झोपेतून उठलेल्या माणसाच्या नखाला झाकण सहज सापडावे म्हणून तशी घडी घालण्याची मास्तरांची पद्धत आहे. एका दुमडलेल्या कोपऱ्यावर बोट टेकवून ते म्हणाले, "ही जायची ट्रॉली आहे ना?"

अर्जदार म्हणाली, "आलेली आहे, मास्तर."

त्यांनी दुसरी उघडली. मग तिसरी. एक डबा उचलून कानाशी हलवून पाहिला, जणू तो रिकामा असावा अशी त्यांना आशा होती. मग ते पालथ्या घातलेल्या क्रेटवर बसले. भांडखोर म्हणून नाव काढलेला माणूस, पण इतकेच म्हणाले, "मला वाटायचं, लोक खातात."

त्यांच्यादेखत ते डबे यंत्रात घालायला आमच्या बायकांचे हात धजेनात. तेव्हा पहिला ट्रे अर्जदाराने स्वतः आत सोडला. कुणीतरी सोडायलाच हवा होता.

४. त्यानंतर जे झाले त्याचे श्रेय अर्जदार घेऊ इच्छित नाही. हवाई सेविकांच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्यांनी वाट काढली. त्यांचे म्हणणे असे की सकाळच्या पहिल्या विमानात निम्मे लोक मान टाकून झोपलेले असतात. पण झोपलेल्यापुढेही ताट ठेवावे लागते, कारण उठल्यावर तोच माणूस "मला वगळलं" म्हणून तक्रार करतो. तर मग तो जागा असतानाच त्याला विचारावे. त्याप्रमाणे विमानात चढण्याआधीच दारावर, "खाणार की झोपणार?" असे विचारणे सुरू झाले. उत्तर ऐकून तेवढेच डबे चढवायचे, मन बदलणाऱ्यांसाठी थोडे जास्त ठेवायचे, आणि पाव ताटात न वाढता टोपलीतून फिरवायचा, असे ठरले.

प्रवाशांना आधी आमचाच संशय आला. "विचारताय म्हणजे संपलंय वाटतं?" असे म्हणून कित्येकांनी भूक नसताना जेवण मागितले. एक गृहस्थ तर आपले ताट दुसऱ्या कुणाला देतील या भीतीने ते पोटाशी धरून झोपले आणि उतरताना तसेच परत देऊन गेले. परंतु मोठ्या बाईंचे बोलणे गोड. हळूहळू लोकांचा विश्वास बसला. डबे कमी लागू लागले, तसे मास्तर निवांत शिजवू लागले. परत येणारी ताटे चाटूनपुसून स्वच्छ येऊ लागली. ती पाहायला मास्तर टोपी-झगा चढवून रोज आमच्याकडे येत आणि एखादे अगदीच लखलखीत ताट असले तर ते हातात घेऊन जावळ काढलेल्या बाळाच्या डोक्यावरून हात फिरवावा तसा त्यावरून अंगठा फिरवत. चुराडा यंत्र इतके गप्प राहू लागले की आमच्यातल्या एकीने ते बिघडले म्हणून मेकॅनिकला बोलावून आणले.

या काळात आपल्या कार्यालयाच्या परिपत्रकाविषयी केंद्रात सर्वत्र चांगले बोलले जात होते, हे नमूद करणे अर्जदार आपले कर्तव्य समजते.

५. अशा रीतीने नासाडी निम्म्याहूनही खाली आल्यावर संदर्भ २ ची नोटीस आली आणि पाठोपाठ आपले चौकशी अधिकारी आले. त्यांचे म्हणणे सरळ होते. कचरा आपोआप कमी होत नसतो. कमी झाला म्हणजे कुणीतरी नेतो आहे. नेतो आहे म्हणजे विकतो आहे किंवा खातो आहे. त्यांनी विभागातल्या बायकांचे घरून आणलेले जेवणाचे डबे उघडून हुंगले, कपाटे झाडली आणि वजनकाटा खोटा आहे की काय हे पाहण्यासाठी त्यावर स्वतः चढले. काटा खरा निघाल्यावर ते थोडे नाराज झाले. मग त्यांनी अर्जदारास फर्मावले, "जो कचरा आलेला नाही तो कुठे आहे, ते दाखवा."

अर्जदार म्हणाली, "साहेब, जे शिजलंच नाही ते आम्ही कुठून आणून दाखवू?"

त्यांनी लिहून घेतले : "समाधानकारक उत्तर देण्यास टाळाटाळ."

मास्तरांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "मी कमी शिजवतो आणि लोक खातात. यात तुम्हाला कुठे दुखतं?" हेही लिहून घेण्यात आले. साहेबांचे अक्षर चांगले आहे.

६. पुढे साहेबांचे लक्ष लगदा नेणाऱ्या गाडीकडे वळले. गाडीला डेपोवरून परत यायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो, हे त्यांनी शोधून काढले. तो शोध खरा होता. गाडीचा चालक हा अर्जदाराचा जावई आहे, हाही शोध त्यांनी लावला, आणि तोही खरा होता. नोकरीसाठी अर्जदारानेच शब्द टाकला होता. साहेबांनी एक तयार जबाब पुढे ठेवला : "वाहनचालकावर माझा संशय आहे." खाली सहीची जागा सोडलेली होती. म्हणाले, "तुम्ही सुटाल. विचार करून उद्या द्या."

महोदय, अर्जदाराने त्यावर तेव्हा सही केली नाही. पण संशय एकदा कानात शिरला की डासासारखा असतो. दिसत नाही आणि झोपूही देत नाही. अर्जदाराच्या ध्यानात एकेक गोष्ट येऊ लागली. जावई हल्ली उशिरा घरी येतात. येतात तेव्हा केस ओले असतात. आणि जेवतात जेमतेम दोन घास. त्या संध्याकाळी अर्जदार लेकीकडे मुद्दाम जेवायला थांबली आणि पाहत बसली. ताट पुढे सारून जावई उठले तेव्हा मनात आले, बाहेर पोटभर खाऊन येणाऱ्याला घरचे कुठून जाणार? लेक म्हणाली, "आई, त्यांच्या ताटाकडे काय टक लावून बघतेस?" अर्जदाराने मीठ मागितले आणि वेळ मारून नेली.

७. दुसऱ्या दिवशी अर्जदाराने रजा टाकली आणि भाड्याच्या गाडीने जावयांच्या गाडीचा पाठलाग केला. डेपोवर लगदा रिकामा झाला. परतीच्या वाटेवर त्यांची गाडी हमरस्ता सोडून अग्निशमन केंद्रामागच्या मोकळ्या जागेत वळली. वाटले, येथेच व्यवहार होत असणार. भाड्याच्या गाडीवाल्यास थांबण्यास सांगून अर्जदार भिंतीच्या कडेकडेने गेली.

तेथे एक मोठा नळ आहे. जावयांनी नळी लावून आधी गाडी आतून बाहेरून धुतली. मग अंगातला सदरा काढला आणि स्वतःला साबण लावून घासू लागले. मान, कानामागे, नखांच्या कडा, सगळे. हाताची कातडी लाल होईपर्यंत घासत होते. पिशवीतून इस्त्रीचा सदरा काढताना त्यांना अर्जदार दिसली.

"आई? तुम्ही इथे कशा?"

अर्जदार म्हणाली, "अशीच चालले होते." त्या जागेवरून कोणीही असेच कुठे चालत नाही. पुढे फक्त कुंपण आहे.

जावई खाली पाहून म्हणाले, "तिला दिवस गेलेत. तुम्हाला ती स्वतःच सांगणार होती, मी बोललो म्हणू नका. तिला या गाडीचा वास सोसत नाही. तोंडाने म्हणते, काही वास येत नाही. पण मला दार उघडलं की लगेच खिडकीशी जाऊन उभी राहते." मग म्हणाले, "अन्नाचा घास तिच्या पोटात ठरत नाही. तिच्यासमोर मी कसा चापून जेवू?"

त्यांच्या पाठीला मधोमध, जिथे स्वतःचा हात पोचत नाही तिथे, साबण तसाच राहिला होता. अर्जदाराने नळी हातात घेतली आणि पाठीवर पाणी धरले.

८. तयार जबाब अर्जदाराने सही न करता परत केला आणि पाहिलेली हकीगत आपल्या शब्दांत लिहून दिली. त्यावर चौकशी अधिकाऱ्यांचा शेरा असा : "साक्षीदार सासू असल्याने साक्ष ग्राह्य नाही. गाडी धुणे हा पुरावा नष्ट करण्याचा प्रकार दिसतो." जावयांना कामावरून दूर ठेवण्यात आले. तो आदेश अर्जदाराच्या साक्षीच्या प्रतीसह घरी गेला तेव्हा लेकीला दोन्ही गोष्टी एकदमच कळल्या, नवऱ्यावर आळ आल्याची आणि आईने त्याच्या मागे जाऊन पाहिल्याची. ती म्हणाली, "साहेबांचं मी समजू शकते. त्यांनी यांना कधी पाहिलेलं नाही. तू तर यांना मुलगा म्हणतेस." आणि दार लावून घेतले. कोणत्याही नोटिशीपेक्षा हे अर्जदारास जास्त लागले.

९. हे प्रकरण वाढू नये म्हणून व्यवस्थापक साहेबांनी एक तोड काढली. ते म्हणाले, "त्यांना कचरा हवा आहे ना? द्या." प्रवाशांना विचारणे बंद करण्याचे आदेश निघाले. झोपलेल्यापुढे ताट, जागलेल्यापुढे ताट, रिकाम्या खुर्चीच्या वाट्याचेही एक ताट, असे पूर्वीसारखे चढू लागले. यंत्र पुन्हा दिवसभर घरघरू लागले. आणि मग संदर्भ ३ चे आपले पत्र आले. त्यातील वाक्य असे : "परत येणाऱ्या अन्नाचे प्रमाण समाधानकारकरीत्या पूर्ववत झाले असल्याने संशयास जागा उरलेली नाही."

जावयांना कामावर घेतले. व्यवस्थापकांनी अर्जदाराचे अभिनंदन केले. आम्ही सर्व निर्दोष ठरलो.

मास्तर आमच्याकडे यायचे बंद झाले. काही दिवस बंद दाराआडून त्यांचा आवाज यायचा, "आज किती आलं, बाई?" अर्जदार म्हणायची, "येतंय." मग तेही विचारणे थांबले. परवा एका ट्रॉलीत झाकणे सपाट लावलेली आढळली, कोपरा दुमडलेला नव्हता. अर्जदाराने दाराशी जाऊन कारण विचारले. पलीकडून उत्तर आले, "उघडतंय कोण?" महोदय, मास्तर एरवी कसेही असोत, पण हाताने चोख माणूस. त्याच्या तोंडून हे ऐकून अर्जदारास जे वाटले ते लिहिण्यास या अर्जाची भाषा अपुरी पडते.

१०. आपल्या पत्राने अर्जदार निष्कलंक ठरली, याबद्दल ती आपली ऋणी आहे. परंतु ही निष्कलंकता अर्जदारास पेलवत नाही. चांगले अन्न रोज आपल्या हाताने चुरडायचे आणि त्याच्या बदल्यात चारित्र्य शाबूत ठेवायचे, हा सौदा बरा नाही. तथापि चौकशी पुन्हा उघडल्यास पहिला आघात जावयांवर होणार, म्हणून हा अर्ज करण्यापूर्वी अर्जदार लेकीच्या घरी गेली. लेकीने दार उघडले आणि आत भांडी घासायला निघून गेली. जावयांसमोर अर्जदाराने सगळे मांडले. म्हणाली, "जावईबापू, पुन्हा बालंट यायचं. तुम्ही नको म्हणालात तर हा विषय इथेच संपला." जावई म्हणाले, "आई, रोज डेपोवर टाकताना लगद्यात झाकणांचे तुकडेच तुकडे चमकताना दिसतात. रिकामी गाडी आणि डोक्यावर संशय, हे मला चालेल."

आतून भांड्यांचा आवाज थांबला. लेक दारात आली आणि कितीतरी दिवसांनी अर्जदाराशी बोलली, "मग या खेपेला मागून लपतछपत जाऊ नकोस. गाडीत त्यांच्या शेजारी बस."

अर्जदार त्याप्रमाणे बसू लागली आहे.

११. सबब, अर्जदाराची आपणास नम्र प्रार्थना की :

(अ) अर्जदाराविरुद्धची चौकशी तातडीने पुन्हा सुरू करावी.

(आ) ती फक्त अर्जदाराविरुद्ध असावी. मास्तर, मोठ्या बाई आणि वाहनचालक यांच्या वाट्याचा संशयही अर्जदाराच्याच नावे वर्ग करावा. अर्जदारास आता त्याची सवय आहे.

(इ) चौकशी अधिकाऱ्यांची नेमणूक परतावा विभागात कायमची करावी. त्यांना दाराशी अर्जदाराची खुर्ची देण्यात येईल. प्रत्येक ट्रॉली त्यांनी स्वतःच्या हाताने उघडावी आणि जे न उघडलेले निघेल ते स्वतःच्याच हाताने यंत्रात सोडावे. एक दिवस हे केल्यावरही नासाडी कमी होणे संशयास्पद आहे असे त्यांना वाटले, तर अर्जदार तो तयार जबाब, वाहनचालकाच्या जागी स्वतःचे नाव घालून, सही करून देईल.

(ई) डेपोवरून परतताना गाडी धुण्यासाठी मधला थांबा अधिकृत करावा. त्याचे कारण घरगुती आहे, पण खरे आहे.

१२. आपल्याकडे चौकशी सुरू करण्यासाठी सबळ कारण लागते, याची अर्जदारास जाणीव आहे. म्हणून आदराने कळवते की काल सकाळच्या पहिल्या विमानापासून मोठ्या बाईंनी दारावर प्रवाशांना पुन्हा विचारण्यास सुरुवात केली आहे. व्यवस्थापक साहेबांनी ते पाहिले आणि घसा खाकरून दुसरीकडे निघून गेले. भिंतीतले दार आज पलीकडून ठोठावण्यात आले आणि टोपी-झगा चढवून मास्तर आले. ट्रॉलीत एकच न उघडलेला डबा होता. तो कुणाचा, का राहिला, आजारी होता का तो माणूस, असे त्यांनी मोठ्या बाईंना इतके खोदून विचारले की त्या वैतागून गेल्या.

थोडक्यात, वजन पुन्हा घटले आहे. आपणास संशय येण्यास पुरेशी जागा निर्माण झाली आहे, असे अर्जदाराचे प्रामाणिक मत आहे. तरी विलंब न लावता यावे, ही विनंती.

आपल्या संशयास पात्र राहू इच्छिणारी,

(सही)
पर्यवेक्षिका, परतावा विभाग,
खानपान केंद्र.

दिनांक : ९ ऑक्टोबर

सोबत :
१) निर्दोष ठरवल्याचे आपले पत्र, मूळ प्रत. साभार परत.
२) वाहनचालकाची संमती, त्याच्या सहीने. खाली त्याच्या पत्नीने, न विचारता, आपलीही सही केली आहे.
३) आज परत आलेला एकमेव डबा पुरावा म्हणून जोडायचा होता. नियमानुसार नष्ट करावा लागल्याने जोडता आला नाही. तो यंत्रात मास्तरांनी सोडला.